राउंडच्या आधी

गुरुवारी साडेदहाला कुडाळहून इंजिनीअर येणार आहे.
घेणाऱ्यांनी पाठवलेला. बेळगावचं जोडपं,
स्वभावाने बरं, प्रश्न फार.
त्याच्याकडे म्हणे मुठीएवढं यंत्र असतं,
भिंतीला टेकवलं की आतली ओल आकड्यात सांगतं.

रविवारपासून मी आणि रुजाय मिस्त्री
घराच्या मागे लागलोय.
तो स्लॅबखाली शिडीवर, मी शिडी धरून.
जिथे पोपडा उचलला तिथे गज दिसला,
फुगलेला, बोट लावताच पापुद्रे सुटणारा.
मिठागरांवरून येणारा वारा
एकोणतीस वर्षं हे काम करत होता
आणि मला वाटायचं, पडदे हलवतोय.

"सिस्टर, कितीय पुटी भरा,
ओल परत येतलीच," रुजाय म्हणतो
आणि भरतो.

हे घर मी बांधलं.
शिरोड्याच्या दवाखान्यातल्या पगारावर,
सोसायटीचं कर्ज काढून,
रात्रपाळीहून येऊन चिऱ्यांवर पाणी मारत.
चिरे मोजून घेतले, सिमेंटची पोती मोजून घेतली.
वाळू कुठली, ते विचारलं नाही.
ठेकेदार स्वस्तात देत होता, आणि
मी तेव्हा स्वस्ताला देव मानत होते.

चौतीस वर्षं पाहिलंय,
राउंडच्या आधी नातेवाईक काय करतात.
पेशंटचे केस विंचरतात. गालांना पावडर.
खोकल्याची उबळ आली की घाईने पाणी पाजतात,
डॉक्टरांना सांगतात, काल दोन भाकऱ्या खाल्ल्यान.
मी खेकसायचे:
अहो, बरं दाखवायला आणलंय की बरं करायला?

आज न्हाणीच्या भिंतीला मीच
तिसरा हात मारलाय. फिकट पिस्ता.
चौकटीच्या वाळवीला रॉकेल पाजलंय.
माडाच्या सुकल्या झावळ्या गड्याकडून उतरवल्या,
पंप उघडून पुसला, बिजागऱ्यांना खोबरेल.
विहीर मे महिन्यात मचूळ होते,
पण हा डिसेंबर आहे
आणि विहीर विचारल्याशिवाय काही बोलत नाही.

जाताना रुजायने नैऋत्येच्या कोपऱ्याकडे बघून विचारलं,
"कपाट सरकवू हयसर?"
मी म्हटलं, सरकव.

बुधवारी रात्री झोप नाही.
उठले, आणि डॉक्टर छातीवर वाजवतात तशी
बोटावर बोट ठेवून भिंत वाजवत फिरले.
टक. टक. टक.
कपाटाच्या कडेशी आवाज बदलला.
फुफ्फुसात पाणी भरलं की बदलतो तसा.
ऐकायचं नसलं तरी कान शिकलेले असतात.

कपाटाच्या पायांखाली गोणपाट सारलं
आणि एकटीने ओढलं,
सहासष्टाव्या वर्षी, वेड्यासारखी,
मधे दोनदा बसून.
मागे पिस्ता रंगावर
पांढरा खार फुलून आला होता, दोन दिवसांत.
रुजाय खोटं बोलत नाही.

मग टेबलाशी बसले. चष्मा. निळं पेन.

तक्रार: ओल, नैऋत्य कोपरा आणि न्हाणी.
केव्हापासून: १९९९च्या पावसापासून.
उपचार: पुटी, तीन वेळा. गुण नाही.
स्लॅब: गज उघडे पडले होते, चार ठिकाणी झाकलेत.
विहीर: मे महिन्यात मचूळ, पहिल्या पावसानंतर महिन्याने गोडी.
पूर्वेतिहास:

इथे पेन थांबलं बराच वेळ.
बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, होत नव्हती.

वाळू खाडीची असावी. खात्री नाही.
विचारलं नव्हतं.

खाली सही केली, सवयीने वेळही घातली: पहाटे ५.४०.
कागद कपाटाला चिकटपट्टीने लावला.
केस विंचरले.
रुजायला फोन केला, शिडी नेऊ नको,
त्याला वर चढून बघू दे.